फाळक्याचा आवाज

उसाच्या रानातून घरी येताना ट्रॉली उलटली. आई क्रांतीच्या अंगावर आडवी पडली, म्हणून क्रांती वाचली, आई गेली. तेव्हापासून लोखंड आदळलं की तिचं भान सुटे. डोळे उघडे, हात चालू. ती स्वतः कुठेच नसे.

मिरजेच्या डॉक्टर समीना म्हणाल्या, "जीव वाचवायला मन असं निसटतं. तसं झालं की पाय जमिनीला टेकवायचे, नाव घ्यायचं, समोर दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. आणि काका, तुम्ही तिला नावानं हाक मारायची."

"मारतो की," क्रांतीचे वडील नाथाजी म्हणाले. फौजेतला माणूस, शब्दाचा पक्का.

पण आष्ट्याला घरी परतल्यावर अंगणातल्या ट्रॉलीचा लोखंडी फाळका वरचेवर आदळे आणि भान सुटणं वाढलंच. क्रांती शुद्धीवर येई तेव्हा हाताला ज्वारीचं पीठ असे आणि बुट्टीत पातळ, पापुद्रा सुटलेल्या भाकऱ्या, आई करायची तशा. क्रांतीची भाकरी आजवर परातीतच मोडायची. "भाकरी हाय का नकाशा?" म्हणून आई हसायची.

आईमागे खंगलेले नाथाजी अंगानं भरू लागले.

पाय टेकवायचा सराव तिनं सोडला नाही. एका दुपारी ती मध्येच भानावर आली. ती चुलीपुढं बसली होती. समोर ताटावर बसलेले नाथाजी नव्या नवऱ्यासारखे लाजून हसत होते.

"आनी एक वाढ की गं. पोरगी यायच्या आत जेवून घेतो."

"आबा."

हसू मावळलं.

"फाळका तुम्ही आदळता?"

त्यांनी सावकाश घास मोडला. "तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना, तवा हात जोडून काय म्हनलीस? आई, तुजं समदं मी चालवीन. लगीच शिवला."

"तसं सगळेच म्हणतात, आबा."

"म्हनत्यात. पर तिनं ऐकलं न्हवं?" ते उठले. "तू शिकल्याली हायस. कुटं बी जाशील. तिला दुसरी जागा हाय व्हय?"

अंगणात जाऊन त्यांनी ट्रॉलीचा मागचा फाळका उचलला.

क्रांतीनं तळपाय जमिनीला दाबले. मी क्रांती. चूल. परात. दार.

फाळका आदळला.

मी क्रांती. चूल.

पुन्हा.

मी—

पुढच्या खेपेला डॉक्टर खूश झाल्या. "लय बरी हाय आता," नाथाजींनी सांगितलं. क्रांतीनं न अडखळता नाव सांगितलं, खिडकी सांगितली, पंखा सांगितला.

"छान. आता पायांकडे बघा."

तिनं चपला काढल्या. तिचं लग्न झालं नव्हतं, तरी बोटांत आईची जोडवी होती. एक तिनं घाईनं ओढून काढलं. खालची कातडी पांढरीफटक, आईच्या बोटांसारखी खोल चर पडलेली. वर्षानुवर्षं तिथं ऊन लागलंच नव्हतं.