जीव विकायला आलेला फिटर

त्या दुपारी म्हसावदच्या सुपडू पाटलांच्या केळीबागेत त्यांची मुलगी रंजना सैतान झाली होती.

खेळ तिनेच रचलेला. एक सैतान, बाकीच्या सगळ्या त्याच्या राज्यात वाट चुकलेल्या — कुणी राणी, कुणी वैदीण, कुणी वाघ मारणारी. बाहेर पडायचं तर सैतानाशी सौदा करायचा. तो काहीही देईल... उडता घोडा, सात मजली महाल... आणि बदल्यात जीव मागेल. जीव म्हणजे मुठीतली कवडी. घासाघीस करून ती वाचवायची. सुट्टीला आलेल्या तिन्ही मावसबहिणींना ते एकदाही जमलं नव्हतं.

"आते कोन?" आईचं काळं लुगडं डोक्यावरून ओढत रंजनाने आवाज जाड केला. "काय लिसन तुन्हा जीव देशी?"

"घोटभर पानी."

आवाज पुरुषाचा होता! रंजनाने लुगडं सरकवलं. केळीची पानं बाजूला सारत एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर पाना-पकडीची पिशवी, हात तेलाने काळे. विहिरीवरचं इंजिन पाच दिवस बंद होतं. ते दुरुस्त करायला शहाद्याहून बोलावलेला फिटर, पितांबर. त्यांच्याच गुजर समाजातला.

बहिणी खिदळल्या. रंजनाचे कान तापले — पण सैतानाने लाजून कसं चालेल?

"इतला सस्ता जीव?"

"लेनारी चांगली शे ना..."

"सैतान गोड बोलाले भुलस नही!"

"बरं. पन तहान खरी शे."

तिने तांब्या आणून दिला. पाणी पिताना त्याची नजर काठावरून तिच्याकडे... आणि तिची उगाच केळीच्या घडाकडे.

इंजिनचं नोझल खराब झालं होतं, नवं धुळ्याहून यायचं होतं. म्हणून पितांबर थांबला. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा खेळात आला, मोडलेल्या वस्तू दुरुस्त करत फिरणारा वाटसरू होऊन.

"आज काय जोयजे तुले?" सैतानाने विचारलं.

"सैताननं एक हासू."

"अर्धं देसू."

"चाली. अर्धं."

रंजनाने ओठांचा एकच कोपरा वर केला. दुसरा आपोआप वर गेला... आणि तो इतका खूश झाला, की कवडी तिच्या ओंजळीत टाकून हसतच विहिरीकडे परतला.

तिसऱ्या दिवशी नोझल आलं. दुपारपर्यंत इंजिन धडधडू लागलं, पाटात पाणी खळाळलं, बहिणी ते बघायला धावल्या. पितांबर पाटाकडेला हात धूत होता. रंजना जवळ येऊन उभी राहिली — आज साध्याच वेशात.

"सौदा नही का आज?" त्याने विचारलं.

"खेळ नही आज." ती थांबली. "पुढला हप्तामा मले देखाले पाहुना येनार शेत."

तो हात धुवायचा विसरला.

"मन्हाकडे जमीन नही, रंजना. शहादाले दोन खोल्या, माय, अन् हाई पिशवी. तुन्हा आबाले काय सांगू?"

"तू काही सांगू नको. घासाघीस मले येस. फक्त... मी तुले आवडस का, इतलं सांग."

"पहिला दिनपासून." त्याने मान वर केली. "पानी तर विहिरवर भी व्हतं."

आबा बांधावर उभे होते. रंजना थेट त्यांच्यासमोर गेली.

"आबा, मले पितांबरशी लगीन करनं शे."

सुपडू पाटलांनी मुलीकडे पाहिलं, मग पाटाकाठच्या तरुणाकडे.

"त्यानी जमीन कितली?"

"नही."

"मंग काय शे?"

"गावमा जमीनवाला कितला तरी शेत, आबा. पाच दिनमा कोनले इंजिन चालू करता उनं?"

आबांनी फावड्याने वाफ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं, दुसऱ्यात शिरलं.

"मी अजून 'हा' नही म्हनेल," शेवटी ते म्हणाले.

"'नही' भी नही म्हनेल, आबा."

आता मात्र त्यांच्या मिशा हलल्या. पाटाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ओ फिटर! आज जेवाले थांब! अन् सकाय मायले लिसन ये... बोलनं शे."

पितांबर उभाच राहिला. ओल्या हातांनी त्याने कपाळ पुसलं, तर कपाळभर तेल!

रंजना आईला सांगायला घराकडे निघाली. चालत निघाली होती. बांध ओलांडेपर्यंत ती पळत सुटली होती.