एकाच नावाच्या दोघी

नोकरीचा सतरावा दिवस. मी डबा उघडत होते आणि दार ढकलून तो आत आला. पांढरा कोट, हातात दोन कागद, जिना धावत उतरल्याची धाप.

"पेशंटच्या नोंदी कोण बघतं?"

"मीच."

"मग या दोघी एक कशा झाल्या?"

हॉस्पिटलच्या डेटाबेसची मी नवी ॲडमिनिस्ट्रेटर. चुकून दोनदा नोंदलेले पेशंट शोधून त्यांची एकच नोंद करायची, हे माझं पहिलं मोठं काम. सकाळी मी एकाच नावाच्या, एकाच जन्मतारखेच्या दोन नोंदी एक केल्या होत्या. पत्ते बघितलेच नव्हते. त्या दोन वेगळ्या बायका निघाल्या. एकीचा रक्तगट ओ, दुसरीचा बी. ओ गटाची बाई तासाभरात ऑपरेशनला जाणार होती आणि तिच्या नावापुढे बी दिसत होता.

मी डबा बाजूला सारला. "रक्त... दिलं?"

"नाही. पिशवी देण्याआधी आम्ही नमुना पुन्हा तपासतो." तो रक्तपेढीतला तंत्रज्ञ होता. खुर्ची ओढून शेजारी बसला. "आधी हिची नोंद सुटी करा. मग सकाळच्या सगळ्या बघू. मी फायलीतून वाचतो, तुम्ही पडद्यावर ताडून बघा."

तो पत्ते वाचत राहिला, संथ आवाजात. मी एकेक नोंद ताडत गेले.

"डबा तसाच राहिला तुमचा."

"घास उतरणार नाही."

"मग मी खाऊ?"

मला हसू फुटलं... आणि लगेच रडूही.

शेवटची फाईल मिटून तो म्हणाला, "मला हे वर कळवावं लागेल."

माझी नोकरी अजून कच्ची होती. "कळवा," मी म्हणाले. "माझ्या नावानिशी."

त्याने तसंच लिहिलं. मला कायम करणं तीन महिने लांबलं आणि तोवर प्रत्येक बदलावर रक्तपेढीची सही घ्यायची, असा साहेबांचा हुकूम आला.

आईला सगळं सांगितलं. "त्यानं तुझीच तक्रार केली?"

"हो."

"मग त्याच्याबद्दल बोलताना लाजतेस कशाला?"

सहीला रोज दुपारी तोच यायचा. पत्ता न् पत्ता वाचायचा, एकदाही सूट द्यायचा नाही. सही झाल्यावर मात्र उगाच रेंगाळायचा...

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशीही आला.

"आता माझी सही नको."

"नको."

"मग उद्यापासून यायला कारण काय सांगू?"

"खरं असेल ते सांगा."

त्याने पेन खिशाला लावलं. "तुम्ही मला आवडता. सही दोन मिनिटांची असते."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. "त्या दिवशी मला वाचवायला खोटं लिहिलं असतंत, तर मला हे बोलता आलं नसतं."

"काय?"

"की... मलाही."

वरून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्याला ती ऐकूच गेली नाही.