ओळखीचं पाणी

रंगवाडीत एकोणीस वर्षांपूर्वी भरलेलं पाणीच अजून फिरतं आहे. कापड रंगवून ते गढूळ झालं की गाळजीव त्यातले रंग आणि क्षार खाऊन टाकतात, आणि संध्याकाळी तेच पाणी घरांच्या नळांना येतं; घरांचं सांडपाणी मोऱ्यांतून परत कारखान्यात जातं. कारखाना नदीतून थेंबही उचलत नाही, म्हणून खालच्या तीन गावांत नदी मे महिन्यातही वाहते.

हे सगळं मृण्मयीला पटत होतं. तरी सहा महिने तिने लेकीचं पाणी त्या चक्रात जाऊ दिलं नव्हतं. भाऊ दर रविवारी माहेरच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणायचा. बाळाची आंघोळ, दुपटी सगळं त्यात. वापरलेलं पाणी मोरीत न सोडता दारातल्या कढीपत्त्याला.

उष्टावण उद्यावर आली तेव्हा कारखान्याचं पाणी तपासणाऱ्या जलशाळेच्या डॉ. रेहाना तांबोळी घरी आल्या. रागावल्या नाहीत. कढीपत्त्याकडे बघून म्हणाल्या, "घरात बाळ आहे हे या झाडाला कळलंय, आमच्या पाण्याला नाही."

मग त्यांनी समजावलं. गाळजीव हे शिकणारे जंतू. माणसांच्या पोटातले जंतू त्यांना सांडपाण्यात भेटतात. ओळखीच्यांना ते सोडतात, अनोळखी दिसला की मारतात. थोडे गाळजीव पिण्याच्या पाण्यातही उरतातच. ओळख नसेल तर बाळाला ते पाणी बाधणार. आंघोळीचं पाणी आज मोरीत सोडलं तर उद्या चमचाभर पाजता येईल.

"आणि ओळख झाली की?"

"मोठ्यांच्या पोटात ते पाहुणे असतात. बाळाच्या पोटात घरचे होतात. मग त्यांच्याशिवाय अन्न पचत नाही, आणि ते फक्त याच पाण्यात जगतात."

"म्हणजे ही कधी बाहेर जाऊच शकणार नाही?"

"इथं वाढलेलं कुणी महिन्यावर बाहेर टिकलं नाही. औषध शोधतोय आम्ही."

"मॅडम, तुमचा मुलगा?"

"नववीत आहे. जहाजावर जायचं म्हणतो. मी अजून त्याला 'नाही' म्हटलेलं नाही."

या खेपेला कॅन अर्धाच आला होता. विहिरीचा तळ दिसू लागल्याचं भावाने सांगितलं होतं. त्यातल्याच पाण्याने मृण्मयीने लेकीला न्हाऊ घातलं, आणि टब मोरीत उपडा केला.

दुसऱ्या दिवशी मामाच्या मांडीवर बसून लेकीने खीर खाल्ली, नळाचं पाणी चमचाभर प्यायली, आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.

चार वाजता कारखान्यातून पेढे आले, सोबत छापील पत्र. अठरा वर्षांनी रंगखात्यात, वडिलांच्याच पाळीत, कन्येसाठी जागा राखून ठेवली होती. नवऱ्याने ते आनंदाने दोनदा वाचून दाखवलं.