मधली रेघ सरकली!

क्लबच्या फुटबॉल मैदानाची निगा राखणाऱ्या मामांची सकाळ रेघा आखायच्या चुन्याच्या गाड्याने सुरू होई. शेडचं दार खांद्याने ढकलायचं, चुना चाळून गाड्याच्या पोटात ओतायचा, चाक एकदा रिकामं फिरवून बघायचं आणि मग मैदानाच्या पूर्वेच्या कुंपणापाशी जायचं. तिथे गाडा आडवा झोपवायचा, त्याच्यापुढे आणखी एकदा झोपवायचा आणि टोक येईल तिथे, म्हणजे कुंपणापासून दोन गाडे अंतरावर, गोलरेषा ओढायची. चाकांचा गोलपोस्ट त्या रेषेवर ढकलत आणायचा. पश्चिमेच्या टोकालाही असंच. शेवटी दोन्ही गोलरेषांमध्ये दोरी ताणायची आणि बरोबर निम्मी दुमडायची, की मैदानाची मधली रेघ मिळाली! एवढ्या वर्षांत मामांनी टेप कधी हातात धरली नव्हती.

"मोजायचं कशाला?" ते म्हणत. "कुंपण काय पळून जाणार आहे?"

सुट्टीला आलेली भाची दोरीचं दुसरं टोक धरून उभी होती. शाळेच्या संघाची ही गोलकीपर. तिच्या हातून चेंडू क्वचितच निसटे, म्हणून सगळे तिला पंजा म्हणत.

"मामा, दोरी आजही उरली!"

"ताणली गेली असेल. माणूस म्हातारा होऊन आखडतो, दोरी म्हातारी होऊन लांबते!" मामांनी उरलेली दोरी मनगटाला गुंडाळली.

एवढ्यात फाटकातून दोन भाऊ धावत आले. मोठा प्रत्येक गोष्टीवर वाद घाले म्हणून वकील आणि धाकटा त्याची पाठ सोडत नसे म्हणून शेपूट.

"पंजा, होऊन जाऊ दे आजची किक!" वकील ओरडला.

पश्चिमेच्या गोलसमोर चेंडू ठेवून पंजाने दमदार किक मारली. चेंडू उंच गेला आणि मधल्या रेघेच्या पलीकडे टप्पा खाऊन उसळला.

"पार! आजही पार!" शेपूट नाचू लागला.

मागच्या सुट्टीत तिचा चेंडू मधल्या रेघेच्या अलीकडेच पडे. या वर्षी तो पहिल्यांदा पार गेला, तेव्हा मामांनी कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर खडूने ठसठशीत लिहिलं होतं: 'पंजाची किक, मधल्या रेघेपार!' येता-जाता ती ते वाचायची आणि बघितलंच नाही असं दाखवायची.

क्लबच्या अध्यक्षबाई गॅलरीच्या पायरीवर बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातलाच. आज मात्र त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"शनिवारी लीगचे निरीक्षक मैदान तपासायला येणार आहेत," त्या मामांना म्हणाल्या. "सगळं नीट ठेवा. या खेपेला चूक परवडणार नाही."

"बाई, मैदान आपलंच आहे ना?" शेपटाने विचारलं.

"होतं, बाळा. क्लब अडचणीत आला, तेव्हा आधीच्या कमिटीने ते एका कंपनीला विकलं. आता आपण आपल्याच मैदानात भाडेकरू आहोत. करार असा आहे, की लीग हे मैदान सामन्यांना योग्य ठरवते तोवर कंपनी आपल्याला काढू शकत नाही. लीगने नापास केलं, की आपण बाहेर! कंपनीला इथे गोदाम बांधायचंय. आणि मैदान नसलेला आपल्याएवढा लहान क्लब एक हंगामही टिकत नाही."

पंजाने मामांकडे पाहिलं. क्लब बंद म्हणजे मामांचा गाडाही बंद! मामा चाकाला चिकटलेला चुना उगाचच खरवडत होते.

चेंडू आणायला ती मैदानाच्या मध्यावर गेली. चेंडू पडला तिथे गवतावर खळगा उमटला होता. समोर गॅलरीचा चेपका खांब होता. कधीतरी पाण्याचा टँकर धडकल्याने तो असा पोटात गेला होता. पंजा थबकली. मागच्या वर्षीही तिचा चेंडू बरोबर याच खांबासमोर पडायचा!

"वकील, इकडे ये. माझी किक वाढलेली नाही."

"काहीतरीच! रेघेपार गेली की."

"गेली. पण पडली चेपक्या खांबासमोरच. म्हणजे किक तेवढीच आहे आणि रेघ माझ्याकडे आलीय!"

"हरकत आहे! रेघेला पाय असतात का?"

"मग ते फाटक बघ. खेळाडू आत यायचे ते थेट मधल्या रेघेवर. आज रेघ फाटकाच्या कुठल्या कुठे बाजूला आहे!"

वकिलाने फाटकापासून रेघेपर्यंत पावलं मोजली.

"दोरी उरते..." तो पुटपुटला. "म्हणजे मैदान आखूड होतंय?"

"पण कुंपण तर छान आहे," शेपूट म्हणाला. "कंपनीवाले किती वेळा रंगवतात त्याला! सुट्टीत तीनदा रंगवलं."

दोघांनी एकदमच त्याच्याकडे वळून पाहिलं.

"शेपटा, तुझ्या डोक्यात बल्ब पेटतो की रे!" पंजा म्हणाली.

पूर्वेच्या कुंपणापलीकडे कंपनीचा खडी टाकलेला वाहनतळ होता. वकिलाने चेंडू मुद्दामच तिकडे उडवला आणि तिघं वाहनतळाच्या फाटकाशी जाऊन केविलवाणे चेहरे करून उभे राहिले.

"पुन्हा चेंडू?" पहारेकरी वैतागला. "शोधा आणि सुटा!"

चेंडू समोरच पडला होता, पण तिघांना तो काही केल्या दिसेना! पायांनी खडी उकरत ते कुंपणाच्या कडेने सरकत राहिले. पंजाच्या बुटाला काहीतरी टणक लागलं. तिने खाली वाकून हाताने खडी बाजूला केली. सिमेंटच्या गोळ्यात जमिनीलगत कापलेला लोखंडी पाइप! त्याच्या काठाला कुंपणाचाच हिरवा रंग होता.

"इथेही आहे!" शेपूट कुजबुजला.

"आणि इथे दुसरी रांग," वकील म्हणाला. "म्हणजे तिसरीही असणार. रंगवायच्या नावाखाली खांब कापायचे आणि आत नवे रोवायचे! जुने उकरून काढायचाही आळस केला लेकांनी!"

"काय चाललंय तिथे?" कार्यालयाच्या दारातून कंपनीचे मॅनेजरसाहेब गरजले.

"चेंडू सापडला, काका!" शेपटाने चेंडू पोटाशी धरला आणि तिघांनी धूम ठोकली.

शेडपाशी येताच वकील ओरडला, "चला, बाईंना सांगू!"

पंजा जागची हलली नाही. मामा कुंपणावरूनच माप घेतात हे कळल्यावर लोक काय म्हणतील? आणि भिंतीवरचं ते वाक्य? ते तर खोटंच ठरणार!

"आधी मी मामांना सांगते. एकटीच."

मामा ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी मनगटावरची दोरी सोडवली आणि जरा वेळ हातात तोलून पाहिली.

"म्हणजे त्यांनी कुंपण सरकवलं आणि मी त्यामागोमाग रेघ सरकवली," ते शांतपणे म्हणाले. "बरं केलंस, सांगितलंस. बाईंना मी स्वतः सांगतो."

शनिवारी निरीक्षक टेप घेऊन आले. मॅनेजरसाहेब हसतमुखाने शेजारी उभे होते. माप झालं.

"लांबी नियमापेक्षा कमी भरतेय," निरीक्षक म्हणाले.

"अरेरे! फार वाईट वाटतं हो," मॅनेजरसाहेबांचा चेहरा मात्र खुलला होता.

तेवढ्यात धपकन चेंडू कुंपणापलीकडे गेला.

"साहेब, चेंडू आणू?" शेपटाने लाडाने विचारलं.

"जा रे, जा. खेळून घ्या शेवटचं!" साहेबांनी उदारपणे स्वतःच वाहनतळाचं फाटक उघडलं.

शेपूट आत शिरला. त्याच्यामागून वकील खराटा घेऊन, त्याच्यामागून पंजा चुन्याचा गाडा ढकलत!

"ए! ए! हे काय?"

खराटा खडी सारत गेला आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक खुंटावर पंजाने चुना सोडला. बघता बघता वाहनतळात पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन रांगा उमटल्या. निरीक्षक वाकले, एका खुंटावरचा चुना त्यांनी रुमालाने पुसला आणि खालचा हिरवा रंग कुंपणाच्या रंगाशी ताडून पाहिला.

"मॅनेजरसाहेब, तुमचं कुंपण चालतं वाटतं?"

"ते... ठेकेदाराने... मला काही कल्पना नाही..."

"कल्पना मी देते," अध्यक्षबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "करारात मैदान जुन्या खांबांपर्यंत आमच्याकडे आहे. कुंपण जागेवर गेलं पाहिजे, तेही तुमच्या खर्चाने!"

निरीक्षकांनी टेप पुन्हा सोडली, या वेळी सर्वांत मागच्या रांगेपासून. आता लांबी पुरेपूर भरली. "मैदान योग्य," ते म्हणाले. "अट एकच, पुढच्या सामन्याआधी कुंपण मागे. आणि बाई, ही मुलं मला एखाद-दोन मैदानांवर उसनी द्या!"

"मुळीच नाही!" बाई हसल्या. "आमच्याकडेच पुष्कळ काम आहे. शाळा उघडल्या, की सकाळी मैदान शाळांना भाड्याने द्यायचं, आणि ते पैसे मैदान परत विकत घेण्यासाठीच बाजूला टाकायचे. कमिटीने कालच ठरवलं. शाब्बास रे पोरांनो!"

कुंपण मागे गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मैदानाच्या चारही कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा टेपने मोजून रेघा ओढल्या. पंजाने किक मारली. चेंडू चेपक्या खांबासमोर पडला. मधली रेघ त्याच्या जराशी पुढे होती.

"थोडीशी अलीकडे ओढू का?" मामांनी डोळे मिचकावले. "कुणाला कळणार नाही."

"मामा!"

ती हसत नळापाशी गेली. फडकं भिजवून तिने भिंतीवरचं वाक्य पुसलं, अगदी उद्गारचिन्हासकट. मग चेंडू उचलून ती पुन्हा पश्चिमेच्या गोलकडे चालू लागली.