रिकाम्या टाकीचे बुडबुडे

बीअर करणं म्हणजे निम्म्याहून जास्त काम धुण्याघासण्याचं, हे हाताखाली घेतलेल्या मेहुण्याला समजावताना त्याच्या तोंडाला फेस आला होता. आधीचे दोन्ही घाणे आंबट निघाले होते. हाही बिघडला तर कारखाना बंद करून सासऱ्यांच्या दुकानात बसेन, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. त्या दुकानाच्या नुसत्या आठवणीने त्याचं डोकं उठायचं.

म्हणून या वेळी माल्टचा काढा त्याने स्वतः मोठ्या टाकीत ओतला, निवल्यावर यीस्ट घातलं आणि झाकणावर पाणी भरलेली एअरलॉकची नळी बसवली. त्या पाण्यातून वायूचे बुडबुडे येऊ लागले की समजायचं, आंबायला लागलं.

सकाळी बुडबुडे आले, पण शेजारच्या रिकाम्या टाकीच्या नळीतून. मोठी टाकी ढिम्म.

"यात काय ओतलंस?"

"काही नाही, भाऊजी. काल तुम्हीच तर धुतलीत."

"मग ही काय हवा खाऊन आंबतेय?"

झाकण उघडलं तर आत कोरडं, लखलखीत पोलाद. झाकण लावलं, की बुडुक. त्याने रबर बदललं, नळी बदलली, शेवटी वैतागून टाकी ओढत अंगणात नेली. तिथेही बुडुक, बुडुक. मोठ्या टाकीतली साखर मात्र शिस्तीत उतरत होती, म्हणजे आंबणं चालू होतं, आणि चव अव्वल होती. याचाच त्याला जास्त संताप येत होता.

टाकी विकणाऱ्याला त्याने फोन लावला. "रिकामी टाकी बुडबुडत नसते," म्हणून विक्रेत्याने फोन ठेवला.

तो अंगणात परतला, तर मेहुणा डोक्याकडून कमरेपर्यंत टाकीत वाकलेला. वायू तळाशी साचतो, श्वास कोंडतो, आत डोकं घालायचं नाही, हे शंभरदा सांगितलेलं. त्याने पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि आणून कारखान्याच्या उंबऱ्यावर बसवलं.

"मला काही झालं नाही," मेहुणा म्हणाला.

अंगणातली टाकी गप्प झाली होती.

आत मोठ्या टाकीची नळी पहिल्यांदाच बोलली. एक बुडबुडा. जरा वेळाने दुसरा, श्वास सोडल्यासारखा.

"पुरे झालं," तो म्हणाला. "यापायी तू मरता मरता वाचलास. खड्ड्यात गेला हा घाणा, ओतूनच देतो." त्याने आत जाऊन मोठ्या टाकीच्या तळाच्या नळाला हात घातला.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तेवढा नळ सोडू नका."

त्याने वळून पाहिलं. मेहुण्याची छाती हलत नव्हती.

त्याने नळावरचा हात काढून घेतला. टाकीत पुढचा बुडबुडा आला.