ठिणगीचा नियम

"पातं वितीपेक्षा लांब नको. पाणी, तेल, औषध, काहीच शिंपडायचं नाही. जाळं टाकायचं नाही. आणि ज्या हत्यारातून ठिणगी उडते ते बाद," मेहनाजने सांगितलं.

"मंग काय फुलं फेकून मारू का?" प्रफुल्ल म्हणाला.

वैष्णवी खो खो हसली. दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती आणि बोरी अरब गावच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या, थंडगार फरशीवर ही तिघं यंत्रांच्या कुस्तीचे नियम ठरवत बसली होती. यंत्रं म्हणजे फार काही नाही. फवारणी पंपाची जुनी बॅटरी, जीपच्या वायपरची मोटर, खेळण्यातल्या गाडीची चाकं आणि तिचाच रिमोट. वजन पाच किलोच्या आत, तेही किराणा दुकानाच्या काट्यावर सर्वांसमोर करायचं. वैष्णवीच्या यंत्राचं नाव घोरपड, कारण ते बुटकं आणि चिवट होतं. प्रफुल्लच्या यंत्राचं नाव वाघीण. तिच्या तोंडाला लोखंडी चकती गरगर फिरायची आणि त्या चकतीवर त्याचा भारी जीव होता.

नुकसानीचे नियम आधीच ठरलेले होते. उलटं पडलेलं यंत्र दहा म्हणेपर्यंत हललं नाही तर हरलं. एक चाक निकामी झालं तरी लढत चालू राहील, बॅटरी उघडी पडली तर त्या क्षणी बंद. आणि जो मोडेल, त्यानेच मोडलेलं दुरुस्त करायला बसायचं. हा शेवटचा नियम तनवीरचा. मेहनाजच्या या मोठ्या भावानेच पुसदच्या कॉलेजात हा खेळ पाहून तो गावात आणला होता.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, तनवीर सुट्टीत फवारणीच्या मजुरीला गेला. औषध नाकातोंडात जाऊन संध्याकाळी ओकत आणि डोळे चोळत घरी आला. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, पण तो परत आला नाही. सगळी रडली, तेव्हा मेहनाजला रडू आलं नाही आणि मग ते राहूनच गेलं. ईद आली. तिने शीरखुर्मा खाल्ला, तो गोड आहे एवढं तिला कळलं. परीक्षेत ती पहिली आली, तेही तिला नुसतं कळलं. आता ती लढतीत उतरत नसे. पंच होत असे, कारण पंचाला फक्त नियम पाहायचे असतात.

ठिणगीचा नियम मात्र तिचा स्वतःचा होता. तिची अम्मी, जोहराबी, कितीतरी वर्षं याच जिनिंगमध्ये कामाला होती. आत जाताना बिडी-काडी फाटकावरच्या डब्यात काढून ठेवायची, ही इथली जुनी रीत.

"अवं पण कापूस कुठं हाय?" प्रफुल्ल म्हणाला. "बंद हाय गिरणी. उंदरंबी उपाशी मरून राह्यले इथं."

ते खरंच होतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली यंत्रं तेवढी होती. त्यांना हात लावायचा नाही, असं देवसिंग मॅनेजरने बजावलेलं होतं. एरवी मेहनाज भांडली असती. पण भांडायला आतून काहीतरी उसळावं लागतं आणि तिच्यात काहीच उसळत नव्हतं.

"जाऊ दे. राहू दे चकती," ती म्हणाली.

लढत झकास झाली! वाघिणीची चकती घोरपडीच्या पाठीवर घासली आणि ठिणग्यांचा फवारा उडाला. पोरं फळ्यांच्या कुंपणामागे उड्या मारत होती. राखणदार उकंडाकाकासुद्धा खाटेवर उठून बसला आणि टाळ्या वाजवू लागला. ती खाट ताडपत्रीला लागूनच होती. काका तिथेच झोपायचा, एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी आत आली ती नाक वर करूनच. इस्त्रीखाली कापड करपल्यासारखा वास येत होता. धूर मात्र कुठेच नाही.

उकंडाकाकाला विचारलं तर तो म्हणाला, त्याला सर्दी झालीय, अत्तराची बाटली नाकात ओतली तरी कळणार नाही.

वैष्णवी गुडघ्यावर बसून फरशी न्याहाळू लागली. फरशीवरचा जुना कापूस मळून पिवळा पडलेला होता, पण ताडपत्रीच्या कडेला अडकलेलं पुंजकं पांढरंशुभ्र होतं. यंत्रांना कधी कापूस फुटतो का? प्रफुल्लने ताडपत्रीचं टोक उचललं. आत यंत्र एकही नव्हतं. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी एकीवर एक रचलेल्या होत्या.

तेवढ्यात देवसिंग मॅनेजर आला आणि त्याने पोरांना झाडून बाहेर काढलं. मेहनाजने वासाचं सांगितलं, ठिणग्यांचंही सांगितलं. तो म्हणाला, शेतात कोणीतरी कापसाची जुनी पऱ्हाटी जाळली असेल. मग त्याने पोरांदेखतच उकंडाकाकाला दम भरला, की गाठींचा शब्द मालकाच्या कानावर गेला तर नोकरी गेली म्हणून समज. भाव वाढल्यावर गुपचूप विकायच्या म्हणून त्याने त्या दडवल्या होत्या. खुद्द मालकालाही त्यांचा पत्ता नव्हता.

मेहनाज घरी गेली. अम्मी चुलीपुढे बसली होती. तनवीर गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. पण कापसाचं नाव निघताच तिचा हात थांबला. कापूस आग पोटात धरून ठेवतो, ती घरच्या हिंदीत सांगू लागली. बाहेरून गाठ पांढरीच दिसते, आणि दोन-चार दिवसांनी एकदम पेटते. आत उघडायची नाही, आधी मोकळ्यावर न्यायची. कुठली पेटलीय ते हाताच्या तळव्याला कळतं. मग तिने विचारलं, "वहाँ सोता कौन है?" मेहनाजने नाव सांगितलं, तेव्हा अम्मीने भाकरी तव्यावरच सोडली आणि चपला शोधायला लागली.

आपण घाबरायला हवं, हे मेहनाजला समजत होतं. भीती येत नव्हती. "जाऊ दे" हे आपलेच दोन शब्द तेवढे कानात वाजत होते.

देवसिंग गाठी बाहेर काढू देणार नाही, हे उघड होतं. "मंग त्यालेच काढू दे न," वैष्णवी म्हणाली. तिच्या मामाच्या ऑटोवर भाजीच्या जाहिरातीचा भोंगा होता. थोड्याच वेळात गावभर आवाज घुमू लागला. आज दुपारी जिनिंगमध्ये यंत्रांची अंतिम लढत! सरपंच येणार, मुख्याध्यापक येणार, जिनिंगचे मालकही येणार! प्रफुल्लने सायकल दामटून तिघांनाही खरोखरच आमंत्रण दिलं, म्हणजे थाप मारल्याचं पापही नको.

देवसिंगची जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती. मालक यायच्या आत गाठी हलवायला ट्रॅक्टर आला, हमाल आले आणि गाठी एकेक करून अंगणात गडगडू लागल्या. पोरं पाण्याच्या बादल्या भरून हजर होतीच. पाहुणे येणार, सडा नको का टाकायला? देवसिंगला पोरांकडे पाहायलाही सवड नव्हती.

मेहनाज प्रत्येक गाठीवर तळवा ठेवत गेली. गार. गार. ही पण गार. खाटेमागची गाठ आली, तिच्यावर हात ठेवला आणि ती जागीच थांबली. ही ऊब उन्हाची नव्हती. तापाने फणफणलेल्या कपाळाला हात लावावा तशी होती. त्या संध्याकाळी तिने तनवीरच्या कपाळाला असाच हात लावला होता.

"हीच," ती म्हणाली. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडली, "हीच गाठ!"

देवसिंगने हसत हात लावला आणि चटकन मागे घेतला. सकाळपासून उकंडाकाकाला आत जाऊ न देता फाटकाशी बसलेली अम्मी धावत आली. तिने हमालांना ती गाठ बाकीच्यांपासून लांब ओढायला लावली, पोरांना मागे सारलं आणि मगच पट्ट्या तोडायला सांगितल्या. गाठ फुगून उघडली, धुराचा लोट उठला आणि वारा लागताच आतला लालभडक निखारा भप्पकन पेटला. बादल्यांवर बादल्या रिकाम्या झाल्या, वर माती पडली. ती विझली तेव्हा उकंडाकाका आत जाऊन आपल्या खाटेकडे पाहून आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मालक, सरपंच, मुख्याध्यापक आले ते लढत पाहायला, आणि पाहिलं ते वेगळंच. मालकाने देवसिंगला बाजूला नेलं. परत येताना देवसिंगचं तोंड पार उतरलं होतं. मुख्याध्यापकांनी तिन्ही पोरांच्या पाठी थोपटल्या आणि गाव वाचवणारी पोरं म्हणून शाळेत सत्कार करू म्हणाले. उकंडाकाका मेहनाजपुढे येऊन हात जोडू लागला.

"मले नका म्हणू काही," मेहनाज म्हणाली. "मले माहीत होतं. ठिणगी नको, हे मीच म्हटलं होतं. मंग मीच सोडून देल्लं."

अम्मी पुढे आली. घराबाहेर ती मराठीच बोलायची, पण तनवीरबद्दल वर्षभर बोलली नव्हती.

"म्याबी त्याले म्हटलं होतं," ती म्हणाली, "तोंडाले रुमाल बांध म्हणून. तो हासला. गरमी होते म्हणे, अम्मी. मंग म्याबी सोडून देल्लं. तू तरी हात लावून पाह्यलं, बेटा. वेळेवर पाह्यलं."

मेहनाजच्या तळव्याची आग होऊ लागली होती. मग डोळ्यांची झाली, आणि एवढ्या सगळ्यांसमोर ती हुंदके देऊन रडू लागली. अम्मीने तिचा हात उरलेल्या बादलीत बुडवला आणि तिच्याबरोबर तीही रडली.