रोज हरवणारे तीन ठिपके

"चारशे पन्नास!" गणतीने पेन्सिल टेबलावर आपटली. "तीनदा मोजले. तीस ठिपके कमी आहेत!"

"सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत का गं तुला?" तोफ ओरडला. तोफ हा तिचा मावसभाऊ. त्याला हळू बोलणं जमतच नसे, म्हणून तो तोफ. आणि जिन्याच्या पायऱ्यांपासून मास्तरांच्या शिंकांपर्यंत सगळं मोजायची खोड, म्हणून ती गणती. तिची धाकटी बहीण चिमणी खिडकीत पाय हलवत बसली होती.

पण आजची मोजणी साधीसुधी नव्हती. तोफची आई, म्हणजे गणतीची मावशी, या वेधशाळेत काम करायची. दूरवर गेलेल्या एका यानाकडून ती चक्क पृथ्वीचेच फोटो मागवायची! तितक्या लांबून पृथ्वी म्हणजे नुसता उजेडाचा एक ठिपका. तो कधी उजळतो, कधी मंदावतो, एवढ्यावरून 'इथे पाणी आहे' हे ओळखता आलं, तर परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवरचं पाणीही तसंच हुडकता येणार होतं. ऊन तिरकं पडलं की समुद्र चमकेल, असं मावशी म्हणायची. पण दहा दिवसांच्या आलेखात चमकेचा मागमूस नव्हता. आज चार वाजता बैठक होती. तिथे पुरावा दाखवता आला नाही, तर यानावरचा कॅमेरा कायमचा बंद! मावशीची सहा वर्षांची मेहनत मातीमोल होणार होती. सकाळी तिचे डोळे लाल दिसले, तेव्हाच गणतीने आलेख मोजायला घेतला होता.

"दर अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे आलेखावर एक ठिपका," गणती म्हणाली. "दिवसाला अठ्ठेचाळीस, म्हणजे दहा दिवसांच्या चारशे ऐंशी. रेघ मात्र अशी सलग ओढलीय, की कुणाला संशय येऊ नये!"

"रेघ आलेखवाले काका ओढतात," चिमणी कुजबुजली. "काल मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर त्यांनी झटकन वही मिटली!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका गोड बोलायचे, पण खोलीचं दार नेहमी लावून घ्यायचे. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे मांडलेल्या, धुळीचा कण नाही. इतका स्वच्छ माणूस गणतीला आता भलताच संशयास्पद वाटू लागला.

"त्यांना कॅमेरा बंदच पाडायचा असेल!" तोफ गरजला.

"हळू बोल रे! आणि मावशीला आत्ताच काही सांगायचं नाही. आधी ती वही बघू."

तोफने डोकं चालवलं. व्हरांड्यात काकांचा एक जुना आलेख टांगलेला होता. त्याने तो हळूच तिरका केला आणि बोंब ठोकली, "काका! तुमचा आलेख वाकडा लागलाय!"

काका असे धावत आले, जणू आग लागली होती. इकडे दोघी बहिणी आत!

वहीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'काढून टाकलेल्या नोंदी.' खाली बरोब्बर तीस ओळी. वेळ: दुपारी दोन, अडीच, तीन. पुन्हा दोन, अडीच, तीन. रोज तेच. आणि प्रत्येकीपुढे शेरा: 'फार उजळ. कॅमेऱ्याचा दोष.'

"दोष काय घड्याळ बघून येतो का?" गणतीने घाईघाईने वेळा हातावर उतरवल्या.

बाहेर सफाईवाल्या बाई फरशी पुसत होत्या. चिमणी वाकून बघत म्हणाली, "ताई, ओली फरशी कशी लखलखतेय! कोरडी नाही चमकत."

खिडकीतलं ऊन तिरकं येत होतं. पुसलेल्या पट्ट्याकडे बघताना डोळे दिपत होते. गणती जागच्या जागी थिजली.

"फार उजळ!" ती पुटपुटली आणि मावशीच्या टेबलाकडे पळत सुटली. कुठल्या वेळी पृथ्वीची कुठली बाजू यानासमोर येते, त्याचा तक्ता तिथे चिकटवलेला होता. दोन ते तीन: सर्वांत मोठा महासागर!

घड्याळात चारला पाच मिनिटं होती.

बैठकीच्या खोलीत संचालकबाई कॅमेरा बंद करण्याच्या कागदावर सही करायच्या बेतात होत्या, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"थांबा! ठिपके चोरीला गेलेत!" तोफ धडाडला.

"हा काय पोरखेळ?" मावशी रागावली. पण गणतीने हात पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता बैठकीला बसलेल्या आलेखवाल्या काकांचा चेहरा उतरला.

"अहो, चोरी कसली? ठरावीक मर्यादेपेक्षा उजळ नोंद आली की मी काढतो," ते चाचरत म्हणाले. "आलेख नेटका दिसावा म्हणून. वीस वर्षं असंच करतोय."

"आणि मीही कधी विचारलं नाही," मावशी हळूच म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता परत घाला त्या नोंदी!" संचालकबाईंनी फर्मावलं.

पडद्यावरची सपाट रेघ हलली. रोज दोन वाजता ती उसळून वर गेली. दहा दिवस, दहा उंच शिखरं!

"पाणी," मावशी एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली.

संचालकबाईंनी सही न केलेला कागद टराटरा फाडला. "शाब्बास, पोरांनो! आम्ही सगळे पदवीधर नुसती रेघ बघत बसलो. ठिपके मोजले ते फक्त तुम्ही!"

काका गणतीजवळ आले. त्यांना मान वर करवत नव्हती.

"पोरी," ते म्हणाले, "दहा दिवस मी रोज अख्खा समुद्र पुसून टाकत होतो गं!"